कंसातला हातोडा

दिवाळीची सफाई आली की आमच्याकडे एक भांडण ठरलेलं असतं, ह्या वर्षी ते माझ्या शॉर्टहँडच्या वह्यांवरून झालं. ह्यांचं म्हणणं असं की तुला रिटायर होऊन चार वर्षं झाली, त्या रेघोट्या तुझ्याशिवाय कोणाला वाचता येत नाहीत आणि आता तुलाही येत नसतील, रद्दीवाला रविवारी येतोय, देऊन टाक. मी म्हटलं अहो, तुमचे 1998 पासूनचे विजेच्या बिलांचे गठ्ठे आधी द्या, मग माझ्या वह्यांबद्दल बोला. विषय तिथेच राहिला आणि खोकं पुन्हा पलंगाखाली गेलं, पण जाताना त्यातली एक निळ्या पुठ्ठ्याची वही मी काढून घेतली. तिच्याबद्दल पुढे सांगते.

आधी मला लागलेल्या नादाबद्दल. रिटायर झालेल्या इंदूरच्या मराठी बाया साधारण काय करतात, भजनी मंडळ, सकाळच्या चकरा, सानंद ह्या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांच्या तारखा पाठ करणं, नातवंडं असली तर नातवंडं. मी गेलं दीड वर्ष रात्री मागचं आवरलं की अमेरिकेच्या काँग्रेस कमिट्यांच्या जुन्या सुनावण्या वाचत बसते. काँग्रेस म्हणजे तिकडची संसद हो, आपली पार्टी नाही. शेजारच्या काकांचा हाच घोळ झाला आणि ते वीस मिनिटं इमर्जन्सीवर बोलले, मीही ऐकून घेतलं. वाचते ते फक्त 1941 ते 1954, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला त्यांचा काळ आणि नंतरची आठ-नऊ वर्षं.

सुरुवात मोबाइलवरच्या एका ब्लॅक अँड व्हाइट क्लिपनं झाली. मोठा हॉल, लांब टेबलं, सिगरेटचा धूर, सगळे बोलणाऱ्याकडे बघतायत आणि मी बघत होते त्या एका माणसाकडे जो खाली मान घालून समोरच्या छोट्या मशीनवर टकटक करत होता, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. म्हटलं हा आपल्या जातीतला. मी हिंदी आणि इंग्रजी दोन्ही शॉर्टहँड केलेली बाई, पिटमनमध्ये एकेकाळी 120 ची स्पीड होती, तीस वर्षं एका सरकारी ऑफिसात साहेबांचं डिक्टेशन घेतलं. पिटमनमध्ये एकच रेघ हलकी काढली तर प आणि दाबून काढली तर ब होतो, तेव्हा पेन्सिलीला टोक नसेल तर बाप आणि पाप सारखंच दिसतं, असा तो धंदा. तर त्या माणसानं काय टाइप केलं असेल हे बघायचं म्हणून शोधत गेले, आणि कळलं की ह्या सगळ्या सुनावण्या शब्दन् शब्द छापलेल्या आहेत आणि घरबसल्या वाचायला मिळतात. जपाननं पर्ल हार्बर ह्या अमेरिकेच्या नाविक तळावर हल्ला कसा केला, आधी कोणाला काय माहीत होतं, ह्याची दोन्ही सभागृहांच्या कमिटीनं 1945-46 मध्ये सुनावणी घेतली तिचेच 39 भाग आहेत. 39! मी पहिल्याच्या पुढे गेलेले नाही, खोटं कशाला बोला.

मला जिथे खरी गंमत वाटली ती जागा वेगळीच. 27 ऑक्टोबर 1947, जॉन हॉवर्ड लॉसन नावाचा पटकथा लेखक साक्षीला बसला. ही कमिटी हॉलीवूडमध्ये कम्युनिस्ट किती घुसलेत ते शोधत होती. लॉसनचं म्हणणं, माझ्याआधी तुमच्या बाजूनं बोलणारे आले त्यांना आपापलं निवेदन वाचू दिलंत, मलाही वाचू द्या. अध्यक्षांनी कागद मागून घेतला, पहिली ओळ बघितली आणि सांगितलं, वाचायची गरज नाही. मग तो बोलतोय, हे बोलतायत, एकमेकांवर आवाज, आणि त्या छापील पानावर अध्यक्षांच्या नावापुढे कंसात परत परत येतं: (हातोडा आपटत). हातोडा म्हणजे तो लाकडी, ऑर्डर ऑर्डरवाला. ज्या कोणी स्टेनोनं ते लिहिलं त्याला मी रात्री दीड वाजता मनातल्या मनात नमस्कार केला. आमच्या ऑफिसात कंसाला बंदी होती. साहेबांनी टेबलावर हात आपटला, समोरचा रडला, शिपाई हसला, काही लिहायचं नाही, फक्त प्रश्न आणि उत्तर. एकदा एक माणूस पाच मिनिटं हुंदके देत होता आणि माझ्याकडून रेकॉर्डवर काय गेलं, तर "कुछ समय मौन रहकर उत्तर दिया।"

तर लॉसनकडे परत येऊच, पण ह्या सगळ्याच्या सहा वर्षं आधीची एक कमिटी आहे ती माझी सगळ्यात लाडकी. ट्रूमन कमिटी. हो तोच हॅरी ट्रूमन, ज्याला आपण ॲटम बॉम्बमुळे ओळखतो, पण 1941 मध्ये तो मिसूरीचा एक साधा सिनेटर, म्हणजे तिकडच्या वरच्या सभागृहाचा खासदार होता, आधी कपड्याचं दुकान काढून बुडालेला, फार कोणी मोजत नव्हतं त्याला. अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती पण तयारी जोरात होती, सैन्याचे कँप बांधले जात होते, आणि त्याच्याच राज्यातल्या फोर्ट लिओनार्ड वुड नावाच्या कँपबद्दल लोकांची पत्रं यायला लागली की पैशाची नुसती नासाडी चालू आहे. हा गडी काय करतो तर स्वतःची गाडी काढतो आणि हजारो मैल हिंडत कँप बघत सुटतो. बघतो तर मजूर नुसते बसलेत, सामान उघड्यावर पावसात भिजतंय, आणि ठेकेदार मजेत.

ठेकेदार मजेत का, तर कराराची पद्धतच तशी. जेवढा खर्च होईल तेवढा सरकार देणार आणि वर ठेकेदाराची ठरलेली फी. आमच्या घराचा वरचा मजला बांधला तेव्हा आमच्या मिस्त्रीशी ह्यांनी असंच ठरवलं होतं, सामान लागेल तसं आणा, मजुरी लागेल तशी द्या, वर माझे एवढे. सात महिन्यांचं काम सोळा महिने चाललं आणि सिमेंटच्या अर्ध्या गोण्या पावसाळ्यात दगड झाल्या, त्याचं काय गेलं? तेच हे, फक्त लाखांच्या जागी अब्ज.

1 मार्च 1941 ला सिनेटनं कमिटी मंजूर केली, सात मेंबर, आणि पैसे किती दिले तर 15,000 डॉलर. अब्जावधींचा हिशोब तपासायला 15,000. असं वाटतं की गप्प बसवायलाच दिले असतील. पण ह्या माणसानं एक गोष्ट केली जी मला फार आवडली, त्यानं आधी जुनं दप्तर वाचलं. त्यांच्या यादवी युद्धात, लिंकनच्या काळात, अशीच एक काँग्रेसची कमिटी होती, ती सेनापतींच्या कामात नाक खुपसायची, अमुक हल्ला का केला नाही, तमुक जनरल काढा. ट्रूमन सांगायचा की शत्रूपक्षाचा सेनापती ली म्हणायचा, ही कमिटी मला दोन डिव्हिजन सैन्याइतकी उपयोगी आहे. म्हणून ह्यानं पहिल्या दिवसापासून ठरवून टाकलं, लढाई कशी लढायची ते आपण विचारायचं नाही. आपण विचारायचं पैसे कुठे गेले, माल कसा आहे, कधी मिळणार.

आणि हे त्या पानांवर दिसतं हो, वाचायचीही गरज नाही, नुसतं पान लांब धरून बघा. तीस वर्षं वह्या भरल्यावर माझ्या डोळ्याला एक सवय लागलीय, प्रश्न किती ओळींचा आणि उत्तर किती ओळींचं ते आधी दिसतं. ट्रूमनच्या पानांवर प्रश्न छोटे. किती? कधी? कोणी पास केलं? आणि खाली उत्तराचा गठ्ठा, समोरचा कंपनीवाला घाम पुसत समजावून सांगतोय. एक किस्सा तर ट्रूमननं स्वतः सांगितलेला आहे, बी-26 नावाचं बॉम्बर विमान होतं, त्याचे पंख आखूड पडत होते, अपघात होत होते. कंपनीचा मालक ग्लेन मार्टिन समोर बसलेला. पंख मोठे का करत नाही? तर म्हणे डिझाइन आता फार पुढे गेलंय आणि कॉन्ट्रॅक्ट तर मला मिळालेलंच आहे. ट्रूमन म्हणाला, असं असेल तर कॉन्ट्रॅक्ट रद्द पण होऊ शकतं. पंख मोठे झाले.

1943 मध्ये ओहायोतल्या राइट कंपनीच्या इंजिनांचं प्रकरण निघालं, सदोष इंजिनं पास करून सैन्याला दिली जात होती. सैन्यानं आधी हात वर केले, असं काही नाहीच म्हणाले, आणि शेवटी सैन्याच्याच अफसरांचं कोर्ट मार्शल झालं. त्याच वर्षी एका मोठ्या स्टील कारखान्यात प्लेटींच्या टेस्टचे आकडे खोटे लिहितात हे बाहेर आलं. हे वाचताना मी जरा थांबले, कारण खोटा आकडा लिहिणारा हात कोणाचा असतो, साहेबाचा नसतो, तो कोणीतरी माझ्यासारखाच असतो टेबलापाशी बसलेला, ज्याला सांगितलेलं असतं की एवढंच लिही.

ह्या कमिटीनं 10 ते 15 अब्ज डॉलर वाचवले असं सांगतात. डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन दोघंही त्यात होते आणि ट्रूमन अध्यक्ष होता तोवरचे रिपोर्ट सगळ्यांनी एकमतानं दिलेले. आमच्या कॉलनीच्या समितीत सात माणसं गेटचा रंग कोणता ह्यावर एकमत करू शकत नाहीत.

पण ट्रूमनचाही हात एका ठिकाणी अडला. ठिकठिकाणी प्रचंड कारखाने उभे राहतायत, पैसा पाण्यासारखा जातोय आणि काय बनतंय ते कोणी सांगत नाही, तेव्हा कमिटीनं विचारणा केली. जून 1943 मध्ये युद्धमंत्री स्टिमसनचा फोन आला, ते काय आहे मला माहीत आहे, जगात दोन-तीन जणांनाच माहीत आहे, तुम्ही त्यात पडू नका. ट्रूमन म्हणाला ठीक आहे, पुढे काही बोलायची गरज नाही. जवळपास 2 अब्ज डॉलरचा तो खर्च. एप्रिल 1945 मध्ये रूझवेल्ट गेले, हा राष्ट्राध्यक्ष झाला आणि तेव्हा ह्याला नीट सांगितलं गेलं की तुम्ही चौकशी करत होता तो बॉम्ब होता. ज्या एका बिलाबद्दल विचारायचं सोडून दिलं ते नेमकं त्याच्याच टेबलावर सहीला आलं. मी ह्यांना हे सांगितलं तर हे म्हणाले झोप आता.

झोप लागली नाही ती मात्र दुसऱ्याच एका सुनावणीनं. तिचं नाव टोलन कमिटी, हिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. ही मुळात 1940 ची, दुष्काळानं आणि धुळीच्या वादळांनी घरदार सोडून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या गरीब लोकांचे हाल बघायला नेमलेली. पर्ल हार्बर झाल्यावर हिच्याकडे काम आलं पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी लोकांचं. तिथेच राहणारे, शेती करणारे, दुकानं चालवणारे, त्यातले बहुतेक तर तिथेच जन्मलेले, म्हणजे कायद्यानं अमेरिकन नागरिक. त्यांना किनाऱ्यावरून हलवायचं का? 21 फेब्रुवारी 1942 ला सॅन फ्रान्सिस्कोत सुनावणी सुरू झाली, मग पोर्टलँड, सिएटल, लॉस एंजेलिस.

आणि रूझवेल्टनं हलवायचा अधिकार सैन्याला देणाऱ्या ऑर्डरवर सही केली ती 19 फेब्रुवारीला.

परत वाचा. सही 19 ला, सुनावणी 21 ला.

म्हणजे साक्षीदार येतायत, नीट कपडे करून, कागद घेऊन, आम्ही एकनिष्ठ आहोत म्हणून सांगतायत आणि तिकडे दोन दिवसांपूर्वीच शाई वाळलेली. पहिल्याच दिवशी कॅलिफोर्नियाचा ॲटर्नी जनरल अर्ल वॉरन आला, त्याचं म्हणणं तर असं की आजवर ह्यांनी काही घातपात केलेला नाही हेच फार चिंतेचं लक्षण आहे. आता ह्याला उत्तर काय द्यायचं? केलं असतं तर गुन्हेगार, नाही केलं तर मोठे गुन्हेगार. हाच माणूस पुढे त्यांच्या सुप्रीम कोर्टाचा मुख्य न्यायाधीश झाला, आणि गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करणारा 1954 चा निकाल ह्याचाच, आणि जपान्यांच्या बाबतीत चुकलो असं त्यानं नंतर आत्मचरित्रात लिहिलं. माणसाचं काही सांगता येत नाही. दोन दिवसांनी जेम्स ओमुरा नावाचा एक तरुण संपादक बसला आणि त्यानं सरळ विचारलं, गेस्टापो, म्हणजे हिटलरचे गुप्त पोलीस, अमेरिकेत आले आहेत का? हा एकच प्रश्न त्या ढिगाऱ्यात असा आहे की साक्षीदार कमिटीला विचारतोय. सुमारे 1,20,000 माणसं तारेच्या कुंपणांच्या छावण्यांमध्ये गेली. आपणही फार फुशारकी मारू नये, 1962 च्या लढाईत इथल्या चिनी लोकांना उचलून राजस्थानात देवळीला ठेवलं होतंच, इंदूरहून काही फार लांब नाही ते, आणि तिथे तर विचारायलाही कोणी बसलं नव्हतं.

आता निळी वही.

वीसेक वर्षं झाली. आमच्या ऑफिसात स्टोअरच्या बाबूंवर डीई बसली, डीई म्हणजे विभागीय जांच, आम्ही सगळे डीईच म्हणायचो. कूलरचे पंप आणि काही वायरिंगचं सामान कमी भरलं होतं. बाबूजी मला मुलीसारखं मानायचे, डब्यातलं लोणचं हमखास पुढे करायचे, पण म्हणून ते निर्दोष असं मी म्हणत नाही. जांच अधिकारी दुसऱ्या शहरातून आलेले, तीन दिवसांत उरकून रात्रीची गाडी पकडायची घाई. माझी ड्यूटी रेकॉर्ड लिहायची. तिसऱ्या दिवशी दुपारी लंचला सगळे उठले, साहेब म्हणाले मॅडम आप बैठिए, निष्कर्ष लिखवा देता हूँ। मी म्हटलं सर, दो गवाह बचे हैं। ते समोसा खात म्हणाले हाँ हाँ, वो भी हो जाएँगे, आप लिखिए, बाद में टाइम नहीं मिलेगा। आणि मी लिहिलं. पाऊण तास. मग दोन्ही साक्षीदार आले, त्यांचं पण लिहिलं. संध्याकाळी सगळं टाइप करून दिलं, साक्षी आधी, निष्कर्ष शेवटी, फाइल एकदम नीट. बाबूजींची इन्क्रिमेंटं थांबली, दोन वर्षांनी ते रिटायर झाले, मग गेले.

म्हणून ते 19 आणि 21 बघितल्यावर मी फोन उलटा ठेवून दिला आणि चार-पाच दिवस काही वाचलंच नाही.

बरं, लॉसन. ती 1947 ची कमिटी म्हणजे हाउसची, म्हणजे त्यांच्या लोकसभेची समजा, अन-अमेरिकन हालचाली तपासणारी. 1938 पासून चालू होती पण युद्ध संपल्यावर रशियाशी बिनसलं आणि हिला खरा जोर आला. हिची पानं ट्रूमनच्या पानांच्या बरोबर उलटी दिसतात. प्रश्न लांब, उत्तर अर्ध्यात तुटलेलं, एक आडवी रेघ, मग कंस, हातोडा. प्रश्न एकच, तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का किंवा कधी होता का. आणि खरं सांगायचं तर उत्तर त्यांच्याकडे आधीच असायचं, लॉसनला उठवल्यावर लगेच त्यांचाच माणूस त्याच्या सभासदत्वाची माहिती वाचून दाखवतो. मग विचारलं कशाला? मान खाली घालायला लावायला विचारलं. आणि कबूल झालात की पुढचा प्रश्न तयारच असायचा, बरोबर कोण कोण होतं, नावं सांगा.

असे दहा जण निघाले ज्यांनी उत्तर द्यायला नकार दिला. त्यातला रिंग लार्डनर ज्युनियर म्हणाला, उत्तर देता येईल मला, पण दिलं तर सकाळी उठून मला माझाच तिरस्कार वाटेल. ब्रेख्त, तोच आपला खडूच्या वर्तुळावाला जर्मन नाटककार, तोही 30 ऑक्टोबरला ह्यांच्यापुढे बसला, सिगार ओढत, दुभाष्या घेऊन, नाही म्हणाला मी नव्हतो सभासद, कमिटीनं त्याचे आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी हा विमानानं युरोपात पसार. मराठी रंगभूमीवाल्या लोकांनी ह्या माणसाचं इतकं केलं पण हा किस्सा मला कोणी सांगितला नव्हता.

त्या दहा जणांवर काँग्रेसच्या अवमानाचा ठपका आला, हाउसमध्ये 346 विरुद्ध 17, स्टुडिओंनी कामावरून काढलं, 1950 मध्ये तुरुंगात गेले. आणि इथे देवानं जरा मजा केलीय. तो हातोडावाला अध्यक्ष, पार्नेल थॉमस, त्याच्याबद्दल कळलं की त्यानं ऑफिसात खोटे कर्मचारी दाखवून त्यांचे पगार खिशात घातले. तो पण तुरुंगात, आणि कुठल्या, तर कनेक्टिकटच्या डॅनबरीला, तिथेच काही महिन्यांनी लार्डनर आणि आणखी एक जण शिक्षा भोगायला आले. थॉमसकडे काम होतं कोंबड्यांच्या खुराड्याचं. मी हसले तशी सासूबाई उठून विचारायला आल्या काय झालं गं, म्हटलं आई काही नाही, एका साहेबाची पेशी लागली.

गंमत म्हणजे, गंमत नाही खरं, ह्या सगळ्याला हिशोबवाल्या ट्रूमनचाही हात लागलेला आहे. मार्च 1947 मध्ये त्यानंच ऑर्डर काढली की सरकारी नोकरांची निष्ठा तपासायची. मी सरकारी नोकर होते त्यामुळे हे मला जास्तच लागलं. माझा लाडका होता हो तो.

पुढचं भराभर सांगते कारण त्यावर व्हिडिओ भरपूर आहेत. 1950-51 मध्ये किफॉवर नावाच्या सिनेटरनं गुन्हेगारी टोळ्यांची चौकशी गावोगाव फिरत केली आणि ती टीव्हीवर दिसली, न्यूयॉर्कमध्ये फ्रँक कॉस्टेलो म्हणाला माझा चेहरा दाखवायचा नाही, तर कॅमेऱ्यानं त्याचे हात दाखवले, नुसते हात, रुमाल चुरगाळणारे. बायकांनी घरकाम सोडून ते बघितलं म्हणतात. रविवारी सकाळी पौराणिक मालिका लागायची तेव्हा आमच्याकडे राजवाड्यावर कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही, तसंच असणार. चेहऱ्यापेक्षा हात जास्त बोलतात हे मला विचारा, मी तर तीस वर्षं मान खाली घालून लोकांचे हातच बघितले.

आणि मग मॅकार्थी. ह्याचा आणि वरच्या हाउस कमिटीचा लोक फार घोळ घालतात, हा सिनेटचा माणूस, त्याची कमिटी वेगळी. 1954 मध्ये तो थेट सैन्याच्याच मागे लागला आणि सैन्यानं उलटून आरोप केला की ह्याच्या वकिलानं, रॉय कोहननं, आपल्या मित्राला सैन्यात सवलती मिळाव्या म्हणून दबाव टाकला. एप्रिल ते जून, 36 दिवस, टीव्हीवर थेट. मी पहिल्यांदा बघितलेली क्लिप ह्याचीच होती. 9 जूनला सैन्याचे वकील जोसेफ वेल्च बोलत होते, मॅकार्थीनं मध्येच वेल्चच्या ऑफिसातल्या एका तरुण वकिलाचं नाव घेतलं, जो तिथे हजरही नव्हता, की हा एका डाव्या संघटनेत होता. वेल्च म्हणाले सिनेटर, ह्या पोराची आणखी हत्या करू नका, आता पुरे झालं, तुमच्यात काही सभ्यता उरली आहे का, शेवटी काहीतरी? आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. डिसेंबरमध्ये सिनेटनं 67 विरुद्ध 22 नी मॅकार्थीचा निषेध केला, 1957 मध्ये तो गेलाही. पण बंद दाराआड त्यानं ज्या साक्षी घेतल्या त्या पन्नास वर्षं कुलुपात होत्या, 2003 मध्ये उघडल्या. स्टेनोनं लिहून ठेवलेल्या होत्या म्हणून उघडता आल्या, एवढं मी आमच्या बिरादरीतर्फे नोंदवून ठेवते.

ह्यांनी एकदा पोहे खाताना विचारलं, त्यात आपल्याबद्दल काही आहे का? आहे नं. मार्च 1945 मध्ये हाउसच्या इमिग्रेशन कमिटीपुढे भारतीयांची सुनावणी झाली. 1923 पासून त्यांच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल होता, भगतसिंग थिंदच्या केसमध्ये, की भारतीय माणूस गोरा नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही. जे. जे. सिंग नावाचे शीख व्यापारी कितीतरी वर्षं ह्यासाठी लोकांचे उंबरे झिजवत होते. शेवटी 2 जुलै 1946 ला कायदा झाला, सही ट्रूमनची, आणि कोटा किती, वर्षाला 100 भारतीय. शंभर! हे म्हणाले आपल्या कॉलनीतूनच तेवढे गेलेत. आणि खास इंदूरचं हवं असेल तर आमच्या महाराजांनी, दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी, 1942 मध्ये रूझवेल्टला उघडं पत्र लिहिलं होतं की भारताच्या प्रश्नात मध्यस्थी करा. इंग्रजांना ते अजिबात रुचलं नसणार. त्यांच्या माणिकबाग महालावरून रिक्षा गेली की आताशा मला तेच आठवतं.

परवा रात्री निळी वही उघडली. पेन्सिल पुसट झालीय पण बरंच लागतं अजून. ऑफिसच्या नियमानं दर पानावर नंबर आणि तारीख टाकायची मला सवय. पान 41 ते 46, निष्कर्ष. पान 47 पासून पाचवा साक्षीदार. टाइप केलेल्या फाइलमध्ये क्रम बदलला पण वहीत कसा बदलणार, ती शिवलेली असते. हे शेजारी येऊन बसले, म्हणाले वाच बघू, येतं का अजून. मी बोट ठेवून सावकाश वाचलं. पान 43, "स्टोर की चाबी केवल अपचारी कर्मचारी के पास रहती थी।" अपचारी म्हणजे ज्यांच्यावर डीई बसली ते, बाबूजी. मग पान 48, पाचवा साक्षीदार, चौकीदार होता तो, "दूसरी चाबी साहब के ड्राइवर के पास भी रहती थी।" त्याच्यापुढे साहेबांचा प्रश्न नाहीच, सरळ सहावा साक्षीदार. आणि समासात, मला आठवतही नव्हतं, एक छोटा कंस काढलेला आहे मी आणि तो रिकामा आहे.

हे म्हणाले, मग तू बोलली का नाहीस तेव्हा?

मी म्हटलं मला कोणी विचारलं नव्हतं.

रविवारी रद्दीवाला येऊन गेला. विजेची बिलं नेली, सात किलो भरली.